अनिता ब्रायंट यांची मोहीम आणि तिच्याविरुद्धची समलिंगी हक्कांची निदर्शनं (१९७७-७८): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनिता ब्रायंट कोण होत्या? त्या या वादात कशा आल्या?

ओक्लाहोमात १९४० साली जन्मलेल्या ब्रायंट लोकप्रिय गायिका होत्या. १९५८ साली त्या मिस ओक्लाहोमा झाल्या आणि पुढच्या मिस अमेरिका स्पर्धेत तिसऱ्या आल्या. फ्लोरिडाच्या संत्रा उत्पादकांचं काम पाहणाऱ्या सिट्रस कमिशनच्या जाहिरातींमधून त्या अमेरिकेत घरोघरी पोचल्या. त्या सदर्न बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या होत्या आणि नवरा व चार मुलांसह मायामी बीचला राहत. त्यांच्याकडे राजकीय पद नव्हतं, पण टीव्हीवरचा ओळखीचा, आपलेपणाचा चेहरा होता. एरवी चर्चच्या चार भिंतींत राहिली असती अशी मोहीम देशभर गाजली ती त्या चेहऱ्यामुळे.

मूळ कायदा काय होता?

फ्लोरिडातलं मायामी शहर ज्या डेड काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग) येतं, तिच्या निर्वाचित मंडळानं १८ जानेवारी १९७७ रोजी ५ विरुद्ध ३ मतांनी एक स्थानिक कायदा मंजूर केला. नोकरी, घर आणि हॉटेल-दुकानांसारख्या सार्वजनिक जागा या तीन ठिकाणी लैंगिक कलावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच त्यात होतं. लग्न, दत्तक किंवा अभ्यासक्रमाचा त्यात उल्लेखही नव्हता.

हा कायदा मांडला रूथ शॅक यांनी. त्यांचे पती कलाकारांचे एजंट होते आणि ब्रायंट त्यांच्याच यादीत होत्या. शॅक यांच्या निवडणुकीत ब्रायंट यांनी त्यांना पाठिंबाही दिला होता. म्हणजे हा वाद अनोळखी शत्रूंमध्ये पेटला नाही, एकमेकांकडे जाणं-येणं असलेल्या माणसांत पेटला.

ब्रायंट यांचा पहिला आक्षेप धार्मिक शाळांबद्दल होता. कायदा खासगी शाळांनाही लागू झाला तर चर्चच्या शाळेला समलिंगी शिक्षक नाकारता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप तेवढ्यावर थांबला असता तर धार्मिक शाळांना सूट देऊन वाद मिटवता आला असता. तो थांबला नाही.

मंजूर झालेला कायदा जनतेच्या मतदानाला कसा गेला?

सह्यांच्या जोरावर. काउंटीच्या नियमांनुसार ठरावीक मुदतीत १०,००० मतदारांच्या सह्या आणल्या, तर मंडळापुढे दोनच वाटा उरत: कायदा मागे घ्या किंवा मतदान घ्या. ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेव्ह अवर चिल्ड्रन’ नावाची संघटना उभी केली आणि ६० हजारांहून अधिक सह्या गोळा केल्या. मंडळ आपल्या कायद्यावर ठाम राहिलं, म्हणून ७ जून १९७७ ही मतदानाची तारीख ठरली.

एवढ्या सह्या इतक्या लवकर जमल्या, कारण त्यासाठी नवं जाळं विणावं लागलं नाही. चर्च होतीच. दर रविवारी ठरल्या वेळी माणसं एकत्र येतात, व्यासपीठावरच्या माणसावर त्यांचा विश्वास असतो आणि दाराशी एक टेबल मांडलं की काम होतं. हक्कांच्या बाजूला असं आयतं जाळं नव्हतं. बार आणि मोजक्या संस्था सोडल्या तर त्यांचे लोक विखुरलेले होते आणि बहुतेक जण नाव उघड करायला घाबरत होते. कागदावर सही करणं म्हणजे नाव उघड करणंच.

ब्रायंट यांचा प्रचार नेमका कशावर उभा होता?

मुलांवर. समलिंगी माणसांना मुलं होत नाहीत, म्हणून ते दुसऱ्यांच्या मुलांची ‘भरती’ करतात, हा त्यांचा मुख्य दावा होता. एका टीव्ही जाहिरातीत एकीकडे मायामीची ऑरेंज बाउलची कौटुंबिक मिरवणूक दाखवली आणि तिच्यासमोर सॅन फ्रान्सिस्कोतली समलिंगींची मिरवणूक ठेवली. बायबलमधली वचनं होतीच, पण कुंपणावरचे मतदार वचनांनी हलले नाहीत, मुलांच्या भीतीनं हलले.

हा दावा खोटा आहे. लैंगिक कल शिकवून किंवा भुलवून बदलत नाही, आणि समलिंगी असण्याचा मुलांच्या लैंगिक शोषणाशी संबंध जोडायला आधार नाही. पण प्रचारात दावा खरा आहे का यापेक्षा त्याचं उत्तर कुणी, किती लवकर आणि कुठल्या भाषेत दिलं, यावर बरंच अवलंबून असतं. मायामीत ते उत्तर वेळेत आलं नाही.

मायामीत समलिंगी हक्कांची बाजू एवढ्या मोठ्या फरकानं का हरली?

सुमारे ६९ टक्के मतं कायदा रद्द करण्याच्या बाजूनं पडली. आकड्यांत सांगायचं तर दोन लाखांहून अधिक विरुद्ध सुमारे ९० हजार. कारणं एकात एक गुंतलेली आहेत, पण आमच्या मते सगळ्यांत मोठं कारण हे: ज्यांच्यासाठी लढाई होती ती माणसंच प्रचारातून गायब होती.

हक्कांच्या बाजूच्या मुख्य आघाडीनं न्यूयॉर्कहून ईथन गेटो आणि सॅन फ्रान्सिस्कोहून जिम फॉस्टर असे अनुभवी संघटक आणले. त्यांनी व्यावसायिक निवडणूक मोहीम आखली: वर्तमानपत्रांत जाहिराती, राज्यघटना, मानवी हक्क, अल्पसंख्याकांचं संरक्षण. समलिंगी हा शब्द जितका कमी येईल तितकं बरं, असा हिशेब होता. तो मूर्खपणाचा नव्हता. बिचकलेल्या मतदाराला आणखी बिचकवू नये, असा साधा विचार त्यामागे होता. पण समोरचा पक्ष ‘तुमची मुलं धोक्यात आहेत’ म्हणत असताना ‘मानवी हक्क’ हे उत्तर प्रश्न टाळल्यासारखं वाटतं. मतदाराला कळत होतं की विषय समलिंगी माणसांचा आहे आणि हे लोक त्यावर बोलत नाहीत. न बोलणं हीच कबुली ठरली.

स्थानिक कार्यकर्ते बॉब कुन्स्ट यांना उघडपणे लैंगिकतेवर बोलायचं होतं. त्यांची आणि आघाडीची फारकत झाली आणि एकाच बाजूचे दोन आवाज दोन दिशांना गेले.

बाहेरून आणलेले संघटक स्थानिक मतदाराला परके वाटले. स्पॅनिश बोलणाऱ्या क्यूबन वस्तीत प्रचार तोकडा राहिला. चर्चच्या बाजूला मात्र पंथांच्या भिंती गळून पडल्या: बॅप्टिस्ट पाद्री, कॅथलिक आर्चबिशप आणि काही ज्यू धर्मगुरू एकाच बाजूला उभे राहिले. व्हर्जिनियाहून पाद्री जेरी फॉलवेलही सभेला आले. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, त्यांनी ‘मोरल मेजॉरिटी’ ही परंपरावादी ख्रिश्चनांची राजकीय संघटना काढली.

ऑरेंज ज्यूसवरचा बहिष्कार कसा चालला? त्याचा उपयोग झाला का?

बहिष्कार बारमधून सुरू झाला आणि तिथेच जोमानं चालला. व्होडका आणि संत्र्याचा रस मिळून ‘स्क्रूड्रायव्हर’ हे कॉकटेल होतं. समलिंगींच्या बारनी ते देणं बंद केलं आणि त्याजागी व्होडका आणि सफरचंदाचा रस देऊ लागले. त्याला नाव दिलं ‘अनिता ब्रायंट’. त्यातून आलेले पैसे मायामीच्या लढ्याला जात. टी-शर्ट, बिल्ले आणि फलकांवरही संत्रं आलं.

रचना म्हणून हा बहिष्कार हुशारीचा होता. भाग घ्यायला नाव उघड करावं लागत नव्हतं, फक्त एक पेय मागायचं नव्हतं. बारमालकाचं नुकसान होत नव्हतं, कारण गिऱ्हाईक दुसरं पेय घेत होतं. आणि नुसता नकार न राहता त्यातून निधी उभा राहत होता.

दोष लक्ष्यात होता. रस पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्या हजारो माणसांचा या मोहिमेशी संबंध नव्हता. आर्थिक दाब आधी सिट्रस कमिशनवर, तिथून करारावर आणि मग ब्रायंट यांच्यावर, असा लांबच्या रस्त्यानं जात होता. १९७७ मध्ये कमिशननं त्यांना पाठिंबाच दिला. वर्षाला एक लाख डॉलरचा तो करार पुढे संपला, पण तोपर्यंत मायामीची लढाई होऊन गेली होती. म्हणून उत्तर दुहेरी आहे: मतपेटीत बहिष्काराचा उपयोग झाला नाही, पण लपून राहणाऱ्या हजारो माणसांना आपण एकटे नाही हे त्यानं दाखवलं.

एक फटका उलटाही बसला. फेब्रुवारी १९७७ मध्ये शिलाई मशिनवाल्या सिंगर कंपनीनं ब्रायंट यांचा नियोजित टीव्ही कार्यक्रम सोडून दिला. ब्रायंट यांनी लगेच सांगायला सुरुवात केली की श्रद्धेसाठी माझी रोजीरोटी हिरावली. दुसऱ्यांची रोजीरोटी सुरक्षित ठेवणारा कायदा रद्द करायला निघालेली व्यक्ती क्षणात स्वतःच पीडित ठरली, आणि ती सहानुभूती तिच्या बाजूच्या निधीत जमा झाली.

निकालाच्या रात्री काय झालं?

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागात हजारो लोक रस्त्यावर उतरले. दंगल होईल अशी भीती होती. तिथले समलिंगी नेते हार्वे मिल्क तेव्हा अजून कुठल्या पदावर निवडून आले नव्हते. हातात कर्णा घेऊन त्यांनी जमावाला कॅस्ट्रोतून युनियन स्क्वेअरपर्यंत चालवत नेलं. संतापलेला जमाव एका जागी थांबला की फुटतो. चालत राहिला, घोषणा देत राहिला की राग पायांतून उतरतो आणि मोर्चा मोर्चाच राहतो. पुढच्या वर्षभरात त्या शहरातल्या निदर्शनांत हीच पद्धत वारंवार दिसते. मिल्क नोव्हेंबर १९७७ मध्ये शहराच्या मंडळावर निवडून आले.

ह्यूस्टनचा मोर्चा एवढा महत्त्वाचा का मानतात?

१६ जून १९७७ रोजी, म्हणजे निकालानंतर नवव्या दिवशी, टेक्सासच्या वकील संघटनेच्या अधिवेशनात ब्रायंट यांचं गाणं होतं, हयात रीजन्सी हॉटेलात. सॅन फ्रान्सिस्कोच्या मानानं ह्यूस्टन सनातनी शहर होतं आणि बारवर पोलिसांच्या धाडी पडणं नेहमीचं होतं. काही शे माणसं येतील असा आयोजकांचा अंदाज होता. आली किमान ३,०००. काही अंदाज १०,००० पर्यंत जातात.

मोर्चा एका बारच्या वाहनतळावरून निघाला, हॉटेलवरून गेला आणि सार्वजनिक ग्रंथालयासमोर संपला. यातला प्रत्येक तपशील विचार करण्यासारखा आहे. सुरुवात ओळखीच्या, सुरक्षित जागी झाली, त्यामुळे पहिल्यांदाच येणाऱ्याला घोळक्यात शिरणं सोपं गेलं. वाटेत हॉटेल असल्यानं आतल्या पाहुण्यांपर्यंत आवाज पोचला, पण कार्यक्रम उधळला गेला नाही. शेवट मोकळ्या सार्वजनिक जागी झाला, म्हणून भाषणं होऊ शकली. लोकांच्या दंडाला काळ्या फिती आणि हातात मेणबत्त्या होत्या. मेणबत्ती धरलेल्या माणसाचा हात मोकळा राहत नाही, हेही शांततेच्या दृष्टीनं लहान कारण नव्हे.

खरा परिणाम वर्षभरानं दिसला. २५ जून १९७८ रोजी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रो अरेनात समलिंगी समाजाची मोठी सभा झाली. तिथल्या ठरावांतून दवाखाना आणि समुपदेशन केंद्रासारख्या कायमच्या संस्था उभ्या राहिल्या.

त्याआधी १९७७ मध्येच शिकागोत १४ जूनला मेदिना टेंपल या सभागृहाबाहेर आणि न्यू ऑर्लिन्समध्ये १८ जूनलाही हजारो लोक जमले. ब्रायंट यांचा कार्यक्रम जिथे ठरे तिथे तारीख आणि पत्ता आयोजकांच्या हाती आयताच येई. निदर्शनासाठी सगळ्यांत अवघड गोष्ट, म्हणजे लोकांना एका दिवशी एका जागी आणण्याचं कारण, तीच मोहीम पुरवत होती.

ब्रायंट यांच्या तोंडावर पाय फेकण्याचा प्रसंग खरा आहे का?

हो. पाय हा केकसारखा भाजलेला गोड पदार्थ. १४ ऑक्टोबर १९७७ रोजी डे मॉइन शहरात पत्रकार परिषद सुरू असताना एका कार्यकर्त्यानं तो त्यांच्या तोंडावर मारला. त्यांनी तिथेच प्रार्थना केली आणि त्यांना रडू कोसळलं. हे सगळं टीव्हीच्या कॅमेऱ्यात आलं.

आमच्या मते ही चूक होती. कुणाच्या अंगावर काही फेकणं हा हल्लाच आहे, आणि त्या दिवशी त्यांच्या मोहिमेनं केलेली हानी मागे पडून त्यांचे अश्रू बातमी झाले. ह्यूस्टनच्या मेणबत्त्यांनी तसं होऊ दिलं नव्हतं.

मोहिमेचा संबंध प्रत्यक्ष हिंसेशी होता का?

२२ जून १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत शहराच्या उद्यान खात्यात काम करणारे रॉबर्ट हिल्सबरो यांचा भोसकून खून झाला. हल्लेखोरांनी समलिंगींना उद्देशून शिव्या दिल्या होत्या. ब्रायंट यांनी कुणाला मारायला सांगितलं नव्हतं आणि तसा आरोप करणं अन्यायाचं होईल. पण एखाद्या समूहाला महिनोन्‌महिने मुलांचा शत्रू म्हणत राहिलं की त्या समूहातली माणसं रस्त्यावर असुरक्षित होतात. चार दिवसांनी निघालेल्या शहराच्या वार्षिक मिरवणुकीत लोकांनी हिल्सबरो यांच्यासाठी फुलं वाहिली. तोपर्यंतच्या सगळ्या मिरवणुकींपेक्षा ती मोठी होती.

मायामीनंतर मोहीम कुठे कुठे गेली?

१९७८ च्या वसंतात तीन शहरांनी असेच कायदे मतदानानं रद्द केले: सेंट पॉल २५ एप्रिलला, विचिटा ९ मेला, युजीन २३ मेला. विचिटातला फरक जवळजवळ पाचास एक होता. त्याच वर्षी ओक्लाहोमानं समलिंगी शिक्षकांना काढण्याचा कायदा केला. त्यातल्या बोलण्यावर बंदी घालणाऱ्या भागाला अपील न्यायालयानं १९८४ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी समान मतं पडल्यानं तो निकाल कायम राहिला.

कॅलिफोर्नियाचं ‘प्रपोझिशन ६’ काय होतं?

राज्य सिनेटर जॉन ब्रिग्ज मायामीचा निकाल पाहून आले आणि त्यांनी कॅलिफोर्नियात राज्यभराच्या मतदानासाठी शिक्षकांविरुद्ध प्रस्ताव आणला. समलिंगी असलेल्यांनाच नव्हे, तर समलिंगी वर्तनाचं जाहीर समर्थन करणाऱ्या कुणालाही सरकारी शाळेतून काढता यावं, असा त्याचा मसुदा होता. म्हणजे दोन मुलांची विवाहित आई असलेली शिक्षिका या विषयावर बाहेर एखादं सहानुभूतीचं वाक्य बोलली, तरी तिची नोकरी धोक्यात येत होती. सुरुवातीच्या चाचण्यांत प्रस्तावाला स्पष्ट बहुमत दिसत होतं.

मग तो हरला कसा?

७ नोव्हेंबर १९७८ रोजी सुमारे ५८ टक्के लोकांनी विरोधात मत दिलं. ब्रिग्ज यांच्या स्वतःच्या ऑरेंज काउंटीतही तो पडला. मायामीत झालेल्या जवळजवळ प्रत्येक चुकीची दुरुस्ती इथे दिसते.

पहिली दुरुस्ती म्हणजे माणसं समोर आली. मिल्क प्रत्येक सभेत सांगत: घरच्यांना सांगा, शेजाऱ्यांना सांगा, जिथे काम करता आणि जिथे खरेदी करता तिथे सांगा. त्यामागे नुसती भावना नव्हती, हिशेब होता. ज्याला एकही समलिंगी माणूस माहीत नाही त्याच्यासाठी ‘ते’ म्हणजे जाहिरातीतलं चित्र. ज्याला आपला भाचा किंवा मुलाची शिक्षिका माहीत आहे, त्याला ते चित्र पटत नाही. याची किंमत मोठी होती. काहींना घर सोडावं लागलं, काहींच्या नोकऱ्या गेल्या. असं सांगणं कुणावर लादता येत नाही, हे तेव्हाच्या कार्यकर्त्यांनाही ठाऊक होतं.

दुसरी, शहराबाहेर जाणं. अँबर हॉलिबॉसारख्या कार्यकर्त्या छोट्या गावांत जाऊन सभागृहांत आणि लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत बोलल्या. दारोदार प्रचारात लांब व्याख्यान चालत नाही. आपण कोण, प्रस्ताव काय करतो, तुम्हाला काय वाटतं, एवढंच बोलायचं आणि मग ऐकायचं. दार बंद झालं तर वाद न घालता पुढच्या दाराशी जायचं.

तिसरी, मुलांच्या प्रश्नाला सरळ उत्तर. मिल्क आणि प्राध्यापिका सॅली गिअरहार्ट यांनी ब्रिग्ज यांच्याशी टीव्हीवर वाद घातला. मुलांच्या शोषणाचा मुद्दा येताच गिअरहार्ट यांनी तो टाळला नाही. बहुसंख्य गुन्हेगार भिन्नलिंगी पुरुष असतात, हे त्यांनी तिथल्या तिथे मांडलं.

चौथी, वेगवेगळ्या गटांना वेगवेगळं काम. मवाळ गट देणगीदार आणि राजकारण्यांकडे गेले, जहाल गट रस्त्यावर राहिले, शिक्षक आणि कामगार संघटनांनी सभासदांना पत्रकं पाठवली. त्यांचं आपसांत पटत नव्हतं, पण मायामीसारखे एकमेकांच्या पायांत पाय अडकले नाहीत.

पाचवी गोष्ट, विरोधकाच्या घरातून मत आणणं. डेव्हिड मिक्सनर आणि पीटर स्कॉट यांनी माजी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची भेट मिळवली. तिथे समलिंगी हक्कांवर भर दिला नाही. वर्गातल्या शिस्तीवर दिला. कमी गुण मिळालेला विद्यार्थी शिक्षकावर आरोप करून सूड उगवू शकेल, हा मुद्दा रेगन यांनी पुढे स्वतःच्या लेखात मांडला. परंपरावादी मतदाराला मत बदलायला सन्मानाची वाट मिळाली.

त्याच दिवशी सिएटलमधल्या मतदारांनीही आपल्या शहरातलं संरक्षण मोठ्या मताधिक्यानं राखलं. अवघ्या वीस दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, मिल्क आणि महापौर जॉर्ज मोस्कोनी यांची सिटी हॉलमध्ये गोळ्या घालून हत्या झाली.

हा लढा धर्म विरुद्ध समलिंगी असा होता का?

तसं म्हणणं चूक ठरेल. ट्रॉय पेरी यांनी १९६८ मध्येच लॉस एंजेलिसला समलिंगी श्रद्धाळूंसाठी मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च सुरू केलं होतं. ब्रिग्ज यांच्याविरुद्ध निधी उभारण्यासाठी पेरी उपोषणाला बसले. अनेक प्रोटेस्टंट पाद्री आणि ज्यू धर्मगुरूंनीही प्रस्तावाला विरोध केला. बायबलच्या वचनाला बायबल वाचणाऱ्यानंच उत्तर दिलं की ऐकणारा कान देतो. बाहेरच्यानं श्रद्धेची टर उडवली की दार बंद होतं.

इंद्रधनुषी झेंडा या काळातलाच का?

हो. २५ जून १९७८ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मिरवणुकीत तो पहिल्यांदा फडकला. गिल्बर्ट बेकर आणि सहकाऱ्यांनी, सुमारे ३० स्वयंसेवकांच्या मदतीनं, सुती कापड हातानं रंगवून आणि शिवून दोन प्रचंड झेंडे तयार केले. रंगवायला कचऱ्याचे मोठे डबे वापरले. पट्टे आठ होते. भडक गुलाबी रंगाचं कापड कारखान्यातून सहज मिळेना, म्हणून तो गेला. मग निळसर हिरवाही गेला आणि सहा रंग उरले. त्याआधी गुलाबी त्रिकोण हीच समलिंगी चळवळीची खूण होती. नाझी छावण्यांत समलिंगी कैद्यांच्या अंगावर तो लावत, त्यामुळे त्यात वेदना होती, उत्सव नव्हता.

अमेरिकेबाहेर काही पडसाद?

२५ जून १९७७ रोजी ॲमस्टरडॅममध्ये ब्रायंट यांच्या मोहिमेच्या निषेधार्थ मोर्चा निघाला. नेदरलँड्समध्ये दरवर्षी होणारा ‘रोझे झाटरडाख’ म्हणजे गुलाबी शनिवार तिथूनच सुरू झाला.

ब्रायंट यांचं पुढे काय झालं?

कार्यक्रम आटले, करार संपला, १९८० मध्ये घटस्फोट झाला आणि ज्या चर्चवर्तुळानं त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्यातल्या अनेकांनी त्यावरूनच पाठ फिरवली. १६ डिसेंबर २०२४ रोजी त्यांचं निधन झालं.

मायामीतला कायदा परत आला का?

आला, पण एकवीस वर्षांनी. १ डिसेंबर १९९८ रोजी काउंटीच्या मंडळानं ७ विरुद्ध ६ मतांनी संरक्षण पुन्हा लागू केलं. सप्टेंबर २००२ मध्ये ते परत रद्द करण्यासाठी मतदान घ्यायला लावलं गेलं आणि यावेळी सुमारे ५३ टक्के लोकांनी रद्द करायला नकार दिला. १९७७ च्या जूनमध्येच फ्लोरिडानं समलिंगींना मूल दत्तक घेण्यास बंदी केली होती. ती २०१० मध्ये न्यायालयात पडली आणि २०१५ मध्ये कायद्याच्या पुस्तकातून निघाली.